पूल होईस्तोवर हौसाक्का

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती ते विचारू नका, मी काही मोजत बसलो नव्हतो, आमच्या सावर्डीत हौसाक्का नावाची एक बाई होऊन गेली. होऊन गेली असं आपलं म्हणायची पद्धत म्हणून म्हणतो. कुणी म्हणतं ती वारली, कुणी म्हणतं वारली-बिरली काही नाही, नुसती पलीकडं गेली. तुम्ही सगळं ऐका आणि मग काय ते ठरवा. मधेच प्रश्न विचारील त्याला मी उठवून लावतो, आधीच सांगून ठेवतो.

आमची तांबरी नदी तुम्ही बघता ती आत्ताची. तेव्हा ती फार आडदांड होती. अल्याड आमची सावर्डी, पल्याड आगरवाडी, आणि आगरवाडीच्या पुढं पेठ. दवाखाना पेठेत, मोठी शाळा पेठेत, बाजार पेठेत. आमच्याकडं काय, तर ऊस, गुऱ्हाळं आणि चिखल. उन्हाळ्यात नदी घोट्यापर्यंत यायची, पण पावसाळ्यात तिच्याकडं बघवत नसे. एक नावाडी होता. पाणी चढलं की तो नाव ओढून झाडाला बांधायचा आणि घरी जाऊन पांघरूण घ्यायचा. त्यालाही दोष देता येत नाही. त्याची नाव एकच आणि जीवही एकच.

हौसाक्का ही गुळव्याची बायको. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर रस आटवून गूळ उतरवणारा. एका पावसाळ्यात तिची धाकटी नणंद बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. गावच्या सुइणीनं हात टेकले. पोरीला बाजेवर घालून नदीवर आणलं, तर नदी दोन्ही थड्या भरून चाललेली. नावाडी येईना. पोर सकाळपासून काठावर कण्हत होती, ती दुपारी कण्हायची थांबली. हौसाक्का उठली. रडली नाही, ओरडली नाही, सरळ गुऱ्हाळात गेली.

काहील ठाऊक आहे ना तुम्हाला? रस उकळायची लोखंडी कढई, चार माणसं आडवी निजतील एवढी पसरट. ती चुलाणावरून उतरवायला गड्यांची फळी लागते. हौसाक्कानं ती एकटीनं उतरवली, कडेवर उभी केली आणि पोरं चाक पळवतात तशी गडगडवत नदीवर आणून पाण्यात सोडली, असं म्हणतात. मला विचाराल तर हात लावायला दोघं-तिघं असणारच. पण गोष्ट जुनी झाली की ढकलणारे तिच्यातून गळतात.

त्या दिवसापासून ती पूर अंगावर घ्यायला लागली. लुगड्याचा कासोटा घट्ट मारायची, माणसं काहिलीत बसवायची, कड धरून स्वतः पाण्यात उतरायची आणि पोहत पोहत काहील पलीकडं ढकलत न्यायची. अडलेल्या बाया, पान लागलेली, म्हणजे साप चावलेली माणसं, परीक्षेची पोरं, नवऱ्या मुली, सगळे त्या काहिलीतून गेले. तिच्या हातून एक माणूस बुडालं नाही. असं म्हणतात, आणि हे मात्र खरं आहे, कारण त्यातलीच एक पोर माझी पणजी.

मग सरकारनं तांबरीवर पूल मंजूर केला. तेव्हा आमदार होते सर्जेराव, आमच्याच काठचे. मांडव पडला, वाजंत्री आली, सर्जेरावांनी नारळ फोडला आणि सांगितलं, पुढच्या दिवाळीला तुमच्या बायका फराळाची ताटं घेऊन पुलावरून पेठेला जातील. लोकांनी फेटे उडवले. हौसाक्का मागं काहील घासत उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हाही ती काही तरुण नव्हती, केस पिकायला लागले होते.

त्याच दिवशी, दिवस कलताना, एक पाहुणा काठावर आला. उंचापुरा, सावळा, खांद्यावर घोंगडं, हातात कासरा आणि कासऱ्याला रेडा. पलीकडं जायचंय म्हणाला. आक्का म्हणाली, रेडा काहिलीत मावायचा नाही. पाहुणा म्हणाला, त्याची काळजी नको, तो सवयीचा आहे. पाहुणा काहिलीत बसला आणि नदीच्या मध्यावर आल्यावर हळूच म्हणाला, "हौसाक्का, मी तुझ्यासाठीच आलोय."

आक्कानं त्याला ओळखलं होतंच. रेडा घेऊन हिंडणारा दुसरा कोण असणार! तिनं काहिलीची कड सोडली नाही.

"आले असते," ती म्हणाली. "पर मी गेल्यावर हितली मानसं पल्याड कोन न्हेनार? पूल मंजूर झालाय. तेवढा हुंद्या. पूल झाला की मी माझ्या पायानं चालत येते, तुमाला हेलपाटा न्हाई."

"कधी होणार?"

"आमदार म्हनत्यात, म्होरच्या दिवाळीला."

पाहुण्यानं विचार केला, एका दिवाळीनं काय बिघडतंय! त्यानं शब्द दिला. देव झाला म्हणून काय झालं, सरकारी कामाचा अनुभव त्याला कुठला? त्याला आजवर कुणी पुढची तारीख दिलीच नव्हती.

पुढची दिवाळी आली. नदीत एक खांब अर्धा उभा होता, दुसऱ्याचा खड्डा होता आणि खड्ड्यात बेडूक होते. मग निवडणूक आली. सर्जेराव पडले आणि आगरवाडीचे दत्ताजीअण्णा निवडून आले. अण्णा म्हणाले, ही जागाच चुकीची, सर्जेरावांनी पूल स्वतःच्या उसाकडं वळवलाय. तेही खरंच होतं. मग त्यांनी पूल खालच्या अंगाला नेला, तिथं अण्णांचा ऊस होता. पुन्हा मोजणी झाली, पुन्हा नारळ फुटला. दोन खांब खालीही उभे राहिले. पुढच्या खेपेला सर्जेराव परत आले आणि त्यांनी अण्णांच्या खांबांची चौकशी लावली. चौकशी करणारे साहेब आले, जेवले आणि बदलून गेले. ठेकेदार एकदा ह्यांचा मेहुणा, एकदा त्यांचा साडू. सिमेंटची पोती पावसात भिजून दगड झाली. त्या दगडांवर बाया धुणं धुवायच्या. अजून त्यातले काही घाटावर आहेत, जाऊन बघा, पोत्याची वीण तशीच्या तशी दिसते.

कधी तरी जागेचा तंटा मिटला, तर नावाचा निघाला. सर्जेरावांना पुलाला वडिलांचं नाव हवं, अण्णांना त्यांच्या वडिलांचं. दोन्ही गावांत डोकी फुटली. नाव कुणाचं द्यायचं यावर रात्रंदिवस वाद, आणि ज्याला द्यायचं तो पूल कुठंच नाही. घोडा मैदान जवळ असं नुसतं म्हणायचं, घोडा कुणी पाहिलेला नाही.

पाहुणा दर दिवाळीला यायचा. रेडा झाडाला बांधायचा, अर्धवट खांबांकडं बघायचा आणि उसासा टाकायचा. आक्का त्याला कानोला द्यायची. तो निमूटपणे खायचा आणि निघून जायचा. शब्द दिला होता ना! असं म्हणतात की आमच्या भागात त्या काळी म्हातारी माणसं जरा जास्तच जगली, कारण त्याचा निम्मा वेळ ह्या नदीवर चौकशीत जायचा.

आक्काचा नवरा गेला. तिच्या बरोबरीच्या सगळ्या बाया गेल्या. त्यांच्या मुली म्हाताऱ्या झाल्या. आक्का मात्र होतीच, केस कापसासारखे, तोंडात दात नाही, हाताची बोटं पाण्यानं कायमची सुरकुतलेली. तिला आता थांबायचं होतं. कुणी विचारलं तर ती सांगायची, "बाई, माजं अंग लई दमलंया." लोक हसायचे. त्यांना वाटायचं, आक्का आपली बोलते.

आणि आता जे सांगतो ते आमच्या गावाच्या अब्रूचं आहे, तरी सांगतो.

पाहुण्याची आणि आक्काची बोली गावात फुटली होती. पूल झाला की आक्का जाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग पारूबाई नावाची एक बाई होती, तिची सगळी बाळंतपणं आक्काच्या काहिलीनं पेठेला पोचलेली. आक्कावर तिचा जीव. तिनं आळीतल्या बाया गोळा केल्या, दहीभात केला, हिरवे खण घेतले आणि नदीकाठी साती आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या सात देवींच्या, दगडांपुढं जाऊन नवस बोलली, की बायांनो, पूल रखडू द्या, आमची आक्का राहू द्या.

प्रेमानं केलं हो. पण केलं.

गड्यांनाही हे सोयीचंच झालं. तालुक्याला हेलपाटे घालणं बंद झालं. कुणी अर्ज करायचं काढलं की दुसरा म्हणायचा, कशाला घाई, आक्का आहे की. पुढाऱ्यांना तर आयतंच सापडलं. सर्जेराव एका सभेत म्हणाले, हौसाक्कासारखी माउली असताना सावर्डीला पुलाची काय कमतरता! आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याच आज्या-पणज्यांनी वाजवल्या, दुसऱ्या कुणी नाही. आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आसरा पाण्यातल्या, त्यांनी नवस ऐकला. चुकून एखाद्या वर्षी काम मनापासून सुरू झालं, तरी पहिल्या पुराला खांब कलायचा. मग सर्जेराव म्हणायचे अण्णांनी खाल्लं, अण्णा म्हणायचे सर्जेरावांनी खाल्लं. खाल्लं दोघांनीही असेल, पण पाडणारं हे तिसरंच होतं.

अशा एका पावसाळ्यात पारूबाईची सून शेवंता अडली. काहिलीत घातली, शेजारी पारूबाई बसली, आक्का पाण्यात उतरली. नदीच्या मध्यावर, जिथं ती हजारदा गेली होती तिथं, आक्काचे हात थकले. नुसते थकले, दुसरं काही नाही. काहील गरगर फिरली आणि खालच्या अंगाला वाहत सुटली. अण्णांच्या अर्धवट खांबातून गजांची टोकं बाहेर आली होती, त्यातलं एक आक्कानं कसंबसं धरलं. एका हातात गज, एका हातात काहिलीची कड. दोन्ही काठांचे लोक दोर घेऊन धावले, पण पाण्याच्या ओढीनं दोर पोचेना. शेवंता तिथंच बाळंत झाली. पोर पुलाच्या खांबाला टेकून जन्मलं, आणि दोर हाती लागायच्या आत तिथंच गेलं. शेवंता तेवढी वाचली.

अल्याड काठावर आल्यावर पारूबाई आक्काच्या पायांवर पडली आणि तिनं नवसाचं सगळं सांगून टाकलं. गाव भोवती उभं होतं. आक्काच्या तळहाताला गजानं चीर पडली होती, ती तिनं पदरात दाबून धरली होती. तिनं पारूबाईला पायांवरून उठवून बसवलं. मग म्हणाली, "मी मरू नये म्हून तुमी पूल मारला व्हय? मग मेलं कोन, बघ की."

तिनं ते पोर पारूबाईच्या मांडीवरून उचललं आणि सगळ्या गावापुढं धरलं. एकाचीही मान वर होईना.

नवस मोडता येत नाही, फेडावा लागतो. आक्कानं तो सगळ्या गावाकडून फेडून घेतला. प्रत्येक घरातून दहीभात गेला, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्या गड्यांनी स्वतःच्या डोक्यावरून नेला. आसरांना हात जोडून सांगितलं, बायांनो, तुम्ही आमचं ऐकलंत, तुमचं देणं दिलं, आता आम्हाला मोकळं करा. असं म्हणतात की त्या दिवशी पाणी हातभर उतरलं.

मग आक्कानं काहील ओढून काठावर आणली, पालथी घातली आणि तिच्यावर बसली. म्हणाली, आता मी पाण्यात उतरायची नाही. मी इथं बसणार, आणि माझ्या डोळ्यांदेखत काम होणार. लोकांचा धीर सुटला. कुणी रडलं, कुणी रागावलं. पण ती हलली नाही. ऊन असो, पाऊस असो, आक्का काहिलीवर. जो येईल त्याला ती एकच विचारायची, "कवा?" साहेब आला की कवा. ठेकेदार आला की कवा. साहेब म्हणायचा, फाईल वर गेलीय. आक्का वर आभाळाकडं बघायची आणि पुन्हा विचारायची. हळूहळू गावातली माणसंही तिच्या मागं येऊन बसायला लागली. नावाचा तंटा आपोआप बंद पडला, कारण तिच्यापुढं तो काढायची लाज वाटायची.

शेवटी सर्जेराव आणि दत्ताजीअण्णा दोघांनाही यावं लागलं. तोवर दोघेही म्हातारे झालेले, एकाला काठी, एकाला दमा. बघतात तर आक्काच्या शेजारी काहिलीवर एक सावळा पाहुणा बसलेला, घोंगडं खाली अंथरलेलं, मागं रेडा रवंथ करतोय. पाहुण्यानं दोघांना रामराम केला आणि सहज चौकशी केली.

"आपलं नाव काय म्हणालात? गाव कुठलं? वय काय असेल?"

बस्स, एवढंच विचारलं. पुढं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सिमेंटची गाडी आली. तिसऱ्या दिवशी खडी आली. जी फाईल इतकी वर्षं वर गेली होती ती खाली आली. जागा कुठली, तर मूळची, ना सर्जेरावांच्या उसाची ना अण्णांच्या, मोजणी करणाऱ्यानं पहिल्यांदा दाखवली होती ती. सर्जेराव काठी टेकत स्वतः पाणी मारायला उभे राहिले, आणि अण्णा दम्यानं खोकत खोकत पोती मोजून घेत होते, असं म्हणतात. पुढचा पावसाळा तोंडावर यायच्या आत पूल झाला. मला कुणी विचारलं की आपल्याकडं काम लवकर होऊच शकत नाही का, तर मी सांगतो, होतं. एकदा झालंय.

उद्घाटनाला मांडव पडला. फीत कुणी कापायची यावर दोन्हीकडचे लोक पहाटेपासूनच हुज्जत घालत होते. त्या गडबडीत आक्का उठली. तिनं अंगावरचं लुगडं झटकलं आणि पुलाकडं निघाली. पाहुणा मागून येत होता, अदबीनं चार पावलं अंतर ठेवून. पारूबाई आणि शेवंता तेवढ्या बघत होत्या. मध्यावर गेल्यावर आक्का थांबली, कठड्यावर वाकली आणि तिनं खाली बघितलं. सगळा जन्म तिनं ती नदी तोंडाला पाणी लागेल एवढ्या उंचीवरून बघितली होती. वरून कधी बघितलीच नव्हती.

"आगं बया," ती म्हणाली. "एवढीशीच व्हती व्हय!"

आणि ती हसली. बोळक्या तोंडानं, पोट धरून हसली. मग पदर सावरून पुढं चालायला लागली. आगरवाडीच्या टोकाला लोक उभे होते. ते शपथेवर सांगत की पलीकडून कुणी उतरलंच नाही. पुलावर फक्त ओल्या पावलांची रांग होती, आणि तो दिवस तर कोरडा होता.

पुलाला नाव कुणाचंच दिलं नाही. कागदावर काय असेल ते असो, आम्ही त्याला नुसता पूल म्हणतो.

तेव्हापासून आमच्या गावात एक रीत आहे. सरकारी काम कुठलंही निघू द्या, शाळेची खोली असो, पाण्याची टाकी असो, पुढारी येतो, नारळ फोडतो, फोटो काढतो. आम्ही ते सगळं होऊ देतो. मग गावातलं सगळ्यांत म्हातारं माणूस आणून तिथं खुर्चीवर बसवतो. कामाला लागायचं तर त्याच्या तोंडाकडं बघून लागायचं आणि काम थांबवायचं तर त्याच्या तोंडावर सांगून थांबवायचं. ह्याला आम्ही हौसाक्का बसवणं म्हणतो. बाहेरचे हसतात. त्यांच्याकडच्या टाक्या बघा आणि आमच्याकडच्या बघा.

आता ह्या दवाखान्याचंच घ्या. पेठेला जावं लागू नये म्हणून मंजूर झाला. ह्याच्या नारळाला तुळसाकाकूला बसवलं होतं. पाया झाला, जोतं आलं, मग सरकार बदललं आणि गवंडी गेले. काकू ऊन-पावसात येऊन बसायची, मोकळ्या जोत्याकडं बघत. आक्कासाठी तो पाहुणा थांबला. काकूसाठी नाही थांबला. गेल्या पौषात ती ह्याच खुर्चीवर गेली, हातात जपाची माळ होती.

दुसऱ्या दिवशी गावानं मला बसवलं. मग गवंडी परत आले, भिंती आता माझ्या छातीएवढ्या आल्यात. सकाळी साहेब येऊन गेले, गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत, काच खाली करून म्हणाले, आजोबा, घरी जा, उन्हात काय बसलात? मी त्यांना विचारलं, कधी? त्यांनी काच वर केली.

तुम्ही जा आता, उशीर झाला. मला बसायचंय. आणि जाताना त्या गवंड्याला सांगा, माझं सगळं आवरून झालंय, मी आपला स्लॅब पडायची वाट बघतोय.